तीन सूत पडलेला सूर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लातूरच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव सांगतो. ते नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. गंजगोलाईजवळच्या बोळात त्यांचं आठ फुटी दुकान आहे आणि सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मीही अण्णाच म्हणतो.

लातुरात शिकून पुढं गेलेली पोरं सहसा क्लासचं नाव घेतात. शहरात शिरताच मोठमोठ्या फलकांवर त्यांचे पासपोर्ट फोटो दिसतात, खाली टक्के लिहिलेले, आणि सगळ्यांत मोठा फोटो क्लास चालवणाऱ्याचा, जणू पेपर त्यानंच सोडवला. माझा फोटो कुठल्याच फलकावर आला नाही. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी दहावीला पहिला आलो होतो. तेवढ्या भांडवलावर लातुरात आलो आणि पहिल्याच चाचणीत कळलं, की आमच्या गावचा पहिला लातूरच्या यादीत पान उलटल्याशिवाय सापडत नाही.

अण्णा दर वर्षी सप्ताहाच्या आधी आमच्या गावी यायचे, भजनी मंडळाच्या पेटीचे सूर लावायला. मारुतीच्या देवळात पेटी उघडून बसायचे, कानस काढून एकेक सूर, म्हणजे त्याची आतली पितळी पट्टी, घासायचे, फुंकायचे, परत बसवायचे. चहा नेऊन द्यायचं काम माझ्या वडिलांचं. त्या ओळखीवर वडील त्यांना म्हणाले, "पोराला लातूरला ठिवायचंय, कुठं खोली मिळल का?" अण्णा म्हणाले, "माळा हाय की दुकानावर. पेट्या पडल्यात तितं, त्यांच्या संगं पडंल."

दोन वर्षं मी त्या माळ्यावर राहिलो. फाटके भाते, निखळलेल्या पट्ट्या आणि भौतिकशास्त्र. कॉलेजच्या प्रत्येक कागदावर जिथं पालकाची सही लागायची तिथं अण्णा सही करायचे. पालकसभेला डॉक्टर-वकिलांच्या रांगेत ते नखांत पितळेचा कीस घेऊन बसायचे आणि मास्तर काय बोलले ते घरी येऊन मला शब्दन् शब्द सांगायचे. त्या पहिल्या चाचणीनंतर मी पिशवी भरली होती. त्यांनी उपदेश केला नाही. दोन सूर वाजवले आणि विचारलं, "ह्यातला वरचा कंचा?" मला सांगता आलं नाही. "मलाबी पहिलं वरीसभर कळत न्हवतं," एवढंच बोलले आणि कानस हातात घेतली. मी पिशवी रिकामी केली.

पुढं नांदेडला, विष्णुपुरीला, सिव्हिल इंजिनिअरिंग झालं. आता नांदेडमध्येच एका रस्त्याच्या ठेकेदाराकडं साइटवर आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. याचं कौतुक बरंच झालं, पण त्यासोबत जी खोड लागते ती कुणी सांगत नाही. कुणी चार इंग्रजी शब्द सलग बोललं की त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं वाटायला लागतं. पदवी मिळाली तरी हे वाटणं जात नाही. उलट पदवीमुळं त्या शब्दांचा अर्थ लागतो, म्हणून आणखी वाटतं. पुढं जे झालं ते या खोडीनं झालं.

अण्णांकडं एक इलेक्ट्रिक गिटार होती. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. निलंगा, उदगीर, देगलूर, लग्न असो की जत्रा. पेटी हा धंदा आणि गिटार हा शौक. रंग लाल, कंपनीचं स्टिकर केव्हाच गळून पडलेलं. पत्र्याच्या माळ्यावर उन्हाळे काढून काढून तिची मान धनुष्यासारखी वाकली होती आणि तारा इतक्या वर आल्या होत्या, की दाबल्या तर बोटांत रुतायच्या. गेल्या वर्षी मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी ती खाली काढून पुसली आणि अवघडून विचारलं, "नांदेडात हिची दांडी बदलून मिळती का रं?"

इतक्या वर्षांत अण्णांनी माझ्याकडं काही मागितलेलं हे पहिलंच. मी गिटार जवळजवळ हिसकावून घेतली.

नांदेडमध्ये एक गिटार क्लास आहे. तो कुठं आहे हे सांगत नाही, कारण तसे सगळीकडं आहेत. जिन्यावर इंग्रजीत पाटी, आत काळी भिंत, भिंतीवर तार तुटलेल्या गिटारी टांगलेल्या, आणि मध्यभागी सर. सर पुण्यात काही महिने राहून आले होते. त्या काही महिन्यांवर त्यांचं सगळं चाललं होतं. केस मागं बांधलेले, मनगटात तीन कडी, बोलताना प्रत्येक वाक्य "बेसिकली"नं सुरू. समोर कोचिंगला आलेली सात-आठ पोरं बसलेली, एका पोराच्या मांडीवर गिटार आणि गिटारीवर जेवणाचा डबा.

मी पिशवी उघडून म्हणालो, "हिची दांडी बदलायची आहे."

"काय बदलायचंय?"

"दांडी."

सरांनी पोरांकडं बघितलं. "दांडी तर आपण कॉलेजात मारायचो, भाऊ."

पोरं हसली. आणि मी पण हसलो. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मी सरांबद्दल बरंच लिहिणार आहे आणि त्यात माझा हिस्सा किती होता हे वाचणाऱ्याला माहीत असावं. ज्या माणसानं दोन वर्षं पालक म्हणून सही केली, त्याच्या शब्दावर मी हसलो.

"नेक म्हणतात त्याला. नेक," सर म्हणाले. "आणि ही डबा गिटार कुणी दिली?"

"एक ओळखीचे आहेत. पेटी दुरुस्त करतात."

ओळखीचे. हेही माझंच.

"पेटीवाल्याची गिटार," सर म्हणाले, आणि पुन्हा पोरांकडं बघितलं. ते प्रत्येक वाक्यानंतर पोरांकडं बघायचे. शिकवणारा माणूस समोरच्याला समजलं का म्हणून बघतो. हे बघणं तसं नव्हतं, टाळी मागायला थाळी फिरवावी तसं होतं.

आता मला वाटतं, अण्णांच्या भाषेत त्या वाद्याचा एकेक भाग आधीच होता. मान म्हणजे दांडी, तिच्यावर आडवे बसवलेले पितळी गज म्हणजे पडदे, तारा पिळायच्या त्या खुंट्या, आणि खाली ज्याच्यावरून तारा जातात ती घोडी. सतारीला, एकतारीला जे शब्द चालतात तेच त्यांनी गिटारीला लावले होते आणि ते तंतोतंत बसले होते. सरांना त्या भागांची इंग्रजी नावं माहीत होती. नावापलीकडचं त्यांना किती माहीत होतं ते नंतर कळलं.

सरांनी मोबाइलवर एक नवी मान मागवली. आठ दिवसांनी ती आली. गुळगुळीत, पिवळसर, चकचकीत. मी कामावरून थेट तिकडं गेलो. कमरेला टेप तशीच अडकवलेली. सरांनी चार स्क्रू काढून जुनी मान सोडवली आणि कोपऱ्यात फेकली. नवी तिच्या जागी ठेवली तर ती खाचेत हलत होती. सरांनी इकडंतिकडं बघितलं, टेबलावरची एक लग्नपत्रिका उचलली, फाडली, घडी घातली आणि फटीत दाबली. वधूचं अर्धं नाव बाहेर राहिलं. मग स्क्रू आवळले.

मी जुनी मान उचलून नवीशेजारी धरून बघितली. रोज रस्त्याची रुंदी मोजणारा माणूस आहे, डोळ्यांना सवय असते. "सर, ही करंगळीच्या जाडीएवढी आखूड वाटते."

"नवीन मॉडेल. कॉम्पॅक्ट असतं. युनिव्हर्सल आहे, सगळ्यांना बसते."

मी मान डोलावली. कमरेला टेप होती. काढायला पाच सेकंद लागले असते. कॉम्पॅक्ट आणि युनिव्हर्सल हे दोन शब्द ऐकून मी ती काढली नाही.

सरांनी तारा चढवल्या, मोबाइल जवळ धरला, खुंट्या फिरवल्या. अ‍ॅपमध्ये एकेका तारेचा सूर जुळला की हिरवा दिवा लागत गेला. मग त्यांनी वरच्या टोकाला, खुंट्यांपाशी बोटं ठेवून एक झंकार काढला. "मक्खन," ते म्हणाले आणि पोरांकडं बघितलं. वाजवलं होतं फक्त पहिल्या तीन पडद्यांवर. पुढं हात गेलाच नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं म्हणणार नाही, मला गिटार येत नव्हती. पण त्यांनाही येत नव्हती, आणि त्यांचा क्लास होता.

रविवारी मी गिटार घेऊन लातूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं पिशवीला टोचून विचारलं, "काय हाय हे? बंदूक का?" लोह्याला चढलेले एक आजोबा अहमदपूरपर्यंत तिच्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "बँजो पार्टीत हाव का?" मी हो म्हणालो. "लई छान. आमच्या नातवाच्या लग्नाला येता का?" म्हटलं, येतो. इतका आनंदात होतो.

अण्णांनी दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या आणि मला आत घेतलं. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, चहा टाकला. दुकानाच्या मागंच त्यांचं घर, मध्ये फक्त एक पडदा, त्यामुळं बोललेलं सगळं आत ऐकू जातं. अण्णांनी नव्या मानेवरून हात फिरवला. "गुळगुळीत हाय बग. साबणावानी." मग छोट्या स्पीकरला वायर जोडून एका जुन्या गाण्याची चाल सुरू केली. खालच्या पट्टीत, खुंट्यांजवळ. त्यांचा चेहरा फुलला. काकू पडदा सारून दारात येऊन उभ्या राहिल्या. अंतऱ्याला चाल वर गेली, तसा हात मानेवरून खाली सरकला, घोडीच्या दिशेनं. आणि अण्णा थांबले.

पुन्हा तिथूनच वाजवलं. पुन्हा थांबले.

"खुंट्यांपाशी बरं हाय," ते म्हणाले. "इकडं यील तसा सूर पडत चाललाय. हितं, अर्ध्यावर, तीन सूत पडलाय."

सूत हे सुतारांचं माप. एका इंचात आठ. अण्णा सुरालाही तेच माप लावायचे. पेटीचा एखादा सूर चढा असला की म्हणायचे, एक सूत वर हाय, आणि तेवढाच घासायचे. दोन वर्षं मी हे ऐकलं होतं आणि कधी चुकलेलं बघितलं नव्हतं.

मी मोबाइल काढला. सरांकडून तेच अ‍ॅप घेतलं होतं. सहाही मोकळ्या तारा एकेक करून वाजवल्या. सहाही वेळा हिरवा. "बघा अण्णा. सगळं बरोबर आहे. मशीन खोटं बोलत नाही."

"मोकळ्या तारा बरोबरच हायत. त्या मीच आत्ता लावल्या. दाबून बग की."

मी दाबून बघितलं नाही. मी सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बेसिकली काय असतं ना," सरांचा आवाज त्या आठ फुटांत भरला, "काकांचं वय किती? वय झालं की वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येत नाहीत. मेडिकली प्रूव्हन आहे. गिटारला काही झालेलं नाही, काकांचे कान तपासून घ्या." मागं पोरं हसल्याचा आवाज आला.

काकू चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "यव्वा, खरं असंल बाई. काल तीनदा हाका मारल्या जेवायला, तरी ह्यांचं ध्यान न्हाई."

त्या थट्टेत म्हणाल्या. काकू रोजच असं काहीतरी म्हणतात आणि अण्णा रोज त्याला उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणतो ते त्यांना बघायचं होतं.

मी म्हणालो, "सर म्हणतात त्यात तथ्य असेल, अण्णा. एकदा कान दाखवून घेऊ. चांगल्या डॉक्टरकडं मी नेतो."

काळजीच्या सुरात म्हणालो. शिकलेला मुलगा म्हाताऱ्या माणसाशी बोलतो तसं. त्या सुराची मला आज किळस येते. सर निदान हसत होते, मी तर माया दाखवत होतो.

अण्णांनी वायर काढली, गिटार पिशवीत घातली, चेन लावली. "तूच ने. शिक तू. मला काय करायची आता." मी निघालो तेव्हा ते एका पेटीसमोर बसले होते, कानस मात्र डब्यातच होती.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. तब्येत बरी आहे, पाऊस नाही, काकूंचा गुडघा दुखतो. कानाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. मला वाटलं, विसरले.

यंदा सप्ताहाच्या आधी वडिलांचा फोन आला. एरवी ते चार वाक्यांत फोन ठेवतात.

"तुझा अण्णा आला न्हाई ह्या वर्षी."

"का?"

"म्या सोता गेलतो आणायला. म्हनला, माझा कान गेलाय, दुसरा बगा कुनी. दुकानात पेट्या पडल्यात तशाच. हातच लावीना झालाय. एक उदगीरचा आणला आमी, त्यानं लावले सूर. काळी पाचला बसलं की कानात खडा गेल्यावानी होतंय." मग म्हणाले, "कान गेलाय म्हून कुनी सांगितलं रं त्याला? माझ्याशी तर नीट बोलला. हळू बोललो तरी ऐकू आलं."

मी म्हणालो, "माहीत नाही." मी माझ्या वडिलांशी खोटं बोललो. हे त्या प्रकरणातलं शेवटचं खोटं, एवढंच त्यातलं बरं.

गिटार माझ्या खोलीत कपाटावर होती. फोन ठेवल्यावर काढली. दुपारचे दोन वाजले असतील, सुट्टी होती. धूळ पुसून मोकळी तार लावून घेतली. हिरवा दिवा. मग अण्णा म्हणाले होते तसं, वर्षानंतर, दाबून बघितलं. पहिला पडदा, हिरवा. तिसरा, हिरव्याच्या काठावर. पाचवा, दिवा लाल आणि काटा डावीकडं, म्हणजे सूर उतरलेला. जसजसा पुढं गेलो तसतसा काटा पडत गेला. बाराव्या पडद्यावर तो इतका डावीकडं गेला, की मला मोबाइल बिघडला असं वाटलं.

बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथं दाबलं की अर्धी तार उरते, आणि अर्धी तार म्हणजे तोच सूर, वरच्या सप्तकातला. हे काही गिटारवाल्यांचं गुपित नाही, आम्हाला बारावीत होतं. मी कामावरची टेप काढली. वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत बारा इंच तीन सूत. बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत बारा इंच सहा सूत.

तीन सुतांचा फरक.

आखूड मान दुसऱ्याच गिटारीची होती. तिचे पडदे त्या गिटारीच्या मापानं बसवलेले आणि आमची घोडी जुन्या जागी. खुंट्यांपाशी फरक कळत नाही, मध्यावर कळतो. कान असेल त्याला कळतो.

टेप परत गुंडाळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझं सगळं शिक्षण मला दिसलं. चार वर्षं मोजमाप शिकलो. रस्ता दोन सेंटिमीटर कमी भरला तर मुकादमाला चारचौघांत झापतो. आणि समोर कानानं तीन सूत सांगणारा माणूस बसलेला असताना मी त्याला डॉक्टरकडं न्यायला निघालो होतो.

संध्याकाळी गिटार आणि टेप घेऊन क्लासवर गेलो. पोरं बदलली होती, काळी भिंत तीच. मी पोरांसमोरच टेप लावून दाखवली. सरांनी आकडे बघितले. मला वाटलं होतं ते नाकारतील, वाद घालतील. वाद घालण्याइतकंही त्यांना त्याचं काही नव्हतं.

"एवढं चालतं, भाऊ," ते म्हणाले. "नांदेडात कोण ऐकायला बसलंय?"

"सर, बाराव्या पडद्यावर वाजवून बघा एकदा."

"ते सोलोवाल्यांचं काम. काकांना सांगा, वरच्या वर कॉर्ड वाजवा, काही प्रॉब्लेम येणार नाही."

"वाजवा ना सर," समोरचा एक पोरगा म्हणाला. त्याला खरंच बघायचं होतं.

सरांनी गिटार घेतली. मानेवरचे ठिपके मोजत बाराव्यावर बोट नेलं, तार छेडली. मग मोकळी छेडली. आणि आमच्याकडं बघितलं. त्यांना ते वेगळं ऐकूच आलं नव्हतं. त्या पोराच्या कपाळाला आठी पडली, त्याला आलं. सरांना नाही. त्यांनी अण्णांच्या कानाबद्दल जे सांगितलं होतं ते खोटंसुद्धा नव्हतं. खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. ते फक्त बडबडले होते, आणि मी तिकडं पदवी घेऊन मान डोलावत बसलो होतो.

तोवर मला त्या माणसाचा राग येत होता. जिना उतरताना तो नव्हता. पुण्यातले काही महिने, तीन कडी आणि तीन पडदे, यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. उरलो मी. माझ्याबद्दल जे वाटत होतं ते मात्र अजून आहे.

अण्णांना फोन केला असता तर ते म्हणाले असते, जाऊ दे रं. मी सांगतोय म्हणून हो म्हणाले असते आणि पेटीला हात लावला नसता. गेलो असतो तरी माझं तोंड बघून मलाच समजावत बसले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी गिटार एसटीच्या पार्सलनं लातूरला पाठवली आणि पिशवीच्या खिशात टेपसोबत हे पत्र ठेवलं.

अण्णा,

चष्मा लावा आणि आधी गिटार बाहेर काढा. पत्र नंतर वाचलं तरी चालेल.

सोबत माझी टेप आहे. दांडीच्या वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा. मग त्या पडद्यापासून घोडीपर्यंत मोजा. मी मोजलंय, पण आकडे इथं लिहीत नाही. मी सांगितलेलं ऐकून तुम्ही एकदा फसलात, आता माझं काही ऐकायचं नाही. तुम्ही मोजा आणि दोन्हींत किती फरक येतो तो बघा. मग गेल्या वर्षी मी समोर बसलो होतो तेव्हा तुम्ही कोणता आकडा बोलला होता तो आठवा.

कान बरोबर होता. दांडी चुकीची होती. ज्यानं ती बसवली त्याला मी हे दाखवलं. त्याला ऐकू आलं नाही. अशा माणसाचा आवाज मी तुमच्या दुकानात, तुमच्यासमोर, मोठा करून लावला आणि वर त्याच्या बाजूनं बोललो. तुम्ही दाबून बघ म्हणालात. मला वर्ष लागलं.

घोडी दांडीच्या दिशेनं सरकवावी लागेल. किती, ते कानानं ठरवा. टेप माझ्यासारख्यांसाठी आहे. स्क्रूची जुनी भोकं बुजवायला लागतील तेवढं लाकूड तुमच्याकडं आहेच.

गावची पेटी उदगीरच्या माणसानं बिघडवलीय. काळी पाचला कानात खडा गेल्यासारखं होतं, असं वडील म्हणतात. मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. शनिवारी गावी जाऊन सांगतो आणि रविवारी पेटी घेऊन तुमच्याकडं येतो. दुकानातल्या बाकीच्या पेट्यांचे मालक ताटकळले असतील, त्यांच्या आधी आमची घेऊ नका. मी थांबेन.

मला तुमची माफी मागायची आहे, ती समोर येऊन मागतो. पण एक गोष्ट रविवारपर्यंत थांबवू नका. तुमचा कान गेला असं मी काकूंच्या देखत म्हणालो होतो. म्हणून हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.